क्रॉलमध्ये हात किती ओढतात, पाय किती ढकलतात: आपला हिशेब आपण काढा, मग सराव ठरवा

नाशिकच्या तलावांवर मोठ्या वयाची जी मंडळी क्रॉल (पालथं राहून आळीपाळीने हात मारत पोहायची पद्धत) शिकायला किंवा सुधारायला येतात, त्यांत ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिले निफाड-दिंडोरीकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून किंवा गोदावरीत गांधी तलावाच्या आसपास शिकलेले. हे कधी बुडणार नाहीत, पण मान कायम पाण्याबाहेर. दुसरे शाळेच्या सुट्टीत उन्हाळी बॅचला फळी धरून पाय मारायला शिकलेले आणि पुढे तेवढंच करत राहिलेले. तिसरे सायकलवाले आणि धावणारे. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. तेव्हापासून शहरात सायकलींची हवा आहेच, आणि त्यातले अनेक जण आता ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ) नादाने पाण्यात उतरतात.

तिघांचीही तक्रार एकच. पाय मारून मारून दम जातो आणि समोरची भिंत काही जवळ येत नाही. काठावरून सल्लाही एकच येतो: “किक वाढवा!”

माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक हौशी पोहणाऱ्यांना किक वाढवायची गरज नसते, सुधारायची असते. आणि ती सुधारण्याआधी हाताचं काम नीट करायचं असतं. पण मी म्हणतो म्हणून मानू नका. खाली एक चाचणी दिली आहे, ती करा, तुमचे आकडे काय म्हणतात ते पाहा आणि त्यानुसार सराव आखा. न थांबता किमान ५० मीटर क्रॉल जमत असेल तर हा लेख तुमच्या कामाचा. जमत नसेल तर आधी कोचच्या हाताखाली श्वास आणि तरंगणं पक्कं करा.

आकड्यांबद्दल थोडं

क्रॉलमध्ये पुढे नेणाऱ्या जोराचा मोठा वाटा हातांचा असतो, साधारण ८५ ते ९० टक्के असं मानलं जातं. उरलेला पायांचा. हा आकडा दगडावरची रेघ नाही. मोजायची पद्धत बदलली की तो हलतो, आणि ५० मीटरच्या तुफान शर्यतीत तयार पोहणाऱ्याच्या पायांचा वाटा बराच वर जातो. तरी हौशी माणसाच्या मध्यम वेगात हातच गाडी ओढतात याबद्दल फारसा वाद नाही.

असं का? तळहात आणि कोपरापर्यंतचा हात मिळून एक रुंद वल्हं तयार होतं. ते पाण्याला सरळ मागे ढकलू शकतं, आणि पाणी मागे गेलं की आपण पुढे. पायांची हालचाल मात्र मुख्यतः वर-खाली असते. पाऊल घोट्यातून मागच्या बाजूला झुकतं तेव्हाच त्या वर-खाली हालचालीतला काही भाग मागे ढकलण्यात बदलतो. घोटा ताठ असेल तर पाऊल पाण्यावर फक्त आपटतं, मागे काही ढकलत नाही.

दुसरी गोष्ट खर्चाची. मांडीचे आणि नितंबांचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे. ते जोरात चालले की प्राणवायू भराभर संपतो. तोच वेग फक्त पायांनी काढायचा म्हटलं तर हातांपेक्षा बराच जास्त दम लागतो. २५ मीटर फळीवर पाय मारून बघा, भिंतीला टेकल्यावर छाती काय सांगते ते कळेल.

मग पाय कशाला? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर ‘ढकलायला’ एवढंच नाही. छातीत हवा असते म्हणून वरचं अंग तरंगतं. शरीराचा गुरुत्वमध्य मात्र कमरेच्या आसपास असतो, त्यामुळे पाय खाली जायला बघतात. पाय खाली गेले की समोरून येणाऱ्या पाण्याला तुमच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत सगळंच अडवायला मिळतं. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन आहे, आणि त्याचा रोध वेगाच्या जवळपास वर्गाने वाढतो. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर जोर साधारण २१ टक्के जास्त लावावा लागतो. अशा माध्यमात पाय आडव्या रेषेत ठेवणं हे बहुतेक वेळा त्यांनी ढकलण्यापेक्षा मोलाचं काम ठरतं. शिवाय प्रत्येक हाताबरोबर अंग एका कुशीवर वळतं, त्या वळण्याला ताल आणि आधार पायच देतात. पाय गळाठले की हाताला ओढायला पक्का टेका उरत नाही.

पहिली पायरी: चाचणी

महापालिकेचा त्र्यंबक रोडवरचा स्वातंत्र्यवीर सावरकर तलाव असो, नाशिकरोडचा राजमाता जिजाऊ तलाव असो किंवा तुमच्या सोसायटीचा; आधी लांबी विचारून घ्या. सोसायटीचे तलाव बऱ्याचदा २५ मीटरपेक्षा आखूड असतात आणि मग सगळे आकडे फसतात. एप्रिल-मेच्या सुट्टीतल्या बॅचमध्ये ही चाचणी करायला जाऊ नका. मध्येच कोणी आडवं आलं की वेळ गेली. आठवड्याच्या मधला एखादा दिवस आणि कमी गर्दीची बॅच बघा.

अंग गरम होईल एवढं सावकाश पोहून घ्या. मग ५०-५० मीटरच्या चार फेऱ्या मारा, प्रत्येकीनंतर दोन-तीन मिनिटं विश्रांती. जोर चारही वेळा सारखा हवा: दमदार, पण शेवटपर्यंत टिकेल असा. भिंतीला रेटा देऊन सुटणं दरवेळी सारखंच आणि हलकं ठेवा, नाहीतर मोजमाप भिंतीचं होईल, तुमचं नाही.

१. नेहमीचा पूर्ण क्रॉल.
२. मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगत ठेवणारा फोमचा तुकडा) धरून फक्त हात.
३. पुल बॉय न घेता, घोटे एकावर एक ठेवून, पाय सैल सोडून फक्त हात.
४. फळी धरून फक्त पाय.

तिसऱ्या फेरीसाठी घोट्यांना रबरी पट्टा बांधतात. सवय नसेल तर बांधू नका, घोटे एकमेकांवर ठेवले तरी काम भागतं. ही फेरी उथळ बाजूच्या लेनमध्ये, जीवरक्षक समोर असताना करा.

आता आकडे वाचायचे कसे ते बघू. समजा पूर्ण क्रॉलला ६० सेकंद, पुल बॉयवर ६४, फक्त पायांनी १२०. जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला तर हातांचा वाटा ६० भागिले ६४, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ८८ टक्के. पायांचा? ६० भागिले १२०, त्याचा वर्ग, म्हणजे २५ टक्के. बेरीज ११३!

इथे अनेकांचा हिशेबावरचा विश्वास उडतो, पण खरी गंमत इथेच आहे. फळीवर तुम्ही निम्म्या वेगाने जाता तेव्हा पावलांना संथ पाणी मिळतं आणि त्यांचा रेटा चांगला बसतो. पूर्ण क्रॉलमध्ये तेच पाणी दुप्पट वेगाने मागे सरकत असतं, त्यामुळे त्याच किकचा उपयोग घटतो. म्हणून फळीवरची वेळ पाहून ‘माझे पाय भक्कम आहेत’ असा निष्कर्ष काढता येत नाही. पायांचा खरा वाटा जवळपास १०० वजा ८८ एवढाच. तोही ढोबळ, कारण पुल बॉयने पाय वर उचलून रोधही थोडा कमी केलेला असतो. शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत हा हिशेब चालणार नाही. आपल्याला सरावाची दिशा ठरवायची आहे, तेवढ्यापुरता तो पुरतो.

पुल बॉयवरची वेळ पूर्ण क्रॉलपेक्षा कमी आली तर? म्हणजे पाय बंद ठेवल्यावर तुम्ही जास्त वेगात जाता. सायकलवाल्यांमध्ये हे हमखास दिसतं. तुमची किक ब्रेकचं काम करते आहे, किंवा पाय इतके खाली आहेत की एका फोमच्या तुकड्याने सगळं सुधारलं. दोन्ही वेळा सारख्या आल्या तर घाबरायचं कारण नाही, हौशी पोहणाऱ्यांत ते सर्रास आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतला फरक मला सगळ्यात बोलका वाटतो. पुल बॉयवर ६४ आणि त्याविना ६७ असेल तर तुमचं अंग आपसूक आडवं राहतं. ६४ आणि ७६ असेल तर तरंगण्याच्या रेषेतच घोळ आहे, आणि तुम्ही आजवर तो किक मारून झाकत आला आहात.

चौथ्या फेरीला पूर्ण क्रॉलच्या दुपटीहून बराच जास्त वेळ लागला तर घोटे ताठ आहेत असं समजा. काही धावणारे फळीवर जागच्या जागी राहतात, एखादा तर हळूहळू मागे सरकतो. हसू नका, त्यामागे साधी भूमिती आहे. पावलाचा चवडा खाली वळलेला असेल तर ते पाण्याला पुढे ढकलतं.

दुसरी पायरी: मान आणि रेषा

इथे फार वेळ घालवायचा नाही, पण वगळायचंही नाही. विहिरीत शिकलेल्यांची मान वर असते, कारण तिथे समोर कपार आणि वरून उड्या मारणारी पोरं दोन्ही बघायची असतात. तलावात ती गरज नाही. नजर तळाकडे, किंचित पुढे. पाणी डोक्याच्या मध्यावर. मान वर झाली की कंबर खाली जाते, आणि कंबर गेली की पाय तिच्यामागे.

भिंतीला हलका रेटा देऊन दोन्ही हात पुढे ताणून नुसतं सरका. न हलता किती दूर जाता ते बघा. मग नजर समोर ठेवून तेच करा. फरक दिसला की मान खाली ठेवायला कोणी सांगावं लागत नाही. आठवडाभर प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला हे पाच-सहा वेळा केलं तरी पुरे.

तिसरी पायरी: हात

सरावाचा मोठा हिस्सा इथे जायला हवा, कारण जोराचा मोठा हिस्सा इथून येतो.

हात पाण्यात खांद्याच्या रेषेत जावा, आधी बोटांची टोकं, मग मनगट, मग कोपर. डोक्यासमोर मध्यरेषा ओलांडून हात टाकायची सवय फार जणांना असते. तसं झालं की कंबर विरुद्ध बाजूला झोल खाते आणि तो झोल सावरायला पाय कात्रीसारखे फाकतात. मग कोच ओरडतो, “पाय एकत्र ठेवा!” तुम्ही पाय आवळता, तरी पुढच्या स्ट्रोकला ते फाकतातच. कारण दोष पायात नव्हताच. पायांचे निम्मे दोष हातात किंवा मानेत जन्माला येतात असं मला वाटतं. म्हणून पाय दुरुस्त करण्याआधी हात बघा.

हात आत गेल्यावर तो लगेच खाली दाबायचा मोह होतो. पाण्यावर दाब दिला की छाती वर उचलली जाते आणि ‘जोर लागतोय’ असं वाटतं. लागतो खरा, पण खालच्या दिशेने. त्याने तुम्ही वर जाता, पुढे नाही, आणि छाती वर गेल्याच्या बदल्यात पाय खाली जातात. त्याऐवजी कोपर पृष्ठभागाजवळ ठेवा आणि बोटं खाली झुकवा. मनगटापासून कोपरापर्यंतचा हात जवळपास उभा होऊ द्या. तळहात आणि तो सगळा भाग आता मागच्या भिंतीकडे तोंड करून आहे. याला पाणी पकडणं म्हणतात. जोर लावायची घाई अजून नाही.

हे कळण्याचा सोपा मार्ग: शिडी न वापरता तलावाच्या काठावर दोन्ही हात टेकून वर या. अंग उचलताना कोपर कुठे असतात? हातांच्या वर, बाहेरच्या बाजूला. कोपर आधी खाली पाडून कोणी काठावर चढू शकत नाही. पाण्यातही हाताची तीच ठेवण हवी.

पकड बसली की ओढ सुरू. हात अंगाखालून मागे नेताना खांद्याच्या रेषेत कोपर साधारण ९० ते १०० अंशांत वाकलेलं असतं. जुन्या पुस्तकांत आणि काही जुन्या कोचांच्या तोंडी अजून इंग्रजी एस अक्षरासारखा हात फिरवायचा सल्ला मिळतो. अमेरिकेचा ऑलिंपिक विजेता जलतरणपटू मार्क स्पिट्झ याचे प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी विमानाच्या पंखासारख्या उचलणाऱ्या बलाची कल्पना मांडली होती, त्यातून ती पद्धत पसरली. पुढच्या अभ्यासात, सरळ मागे ढकलण्यातून मिळणारा जोर क्रॉलमध्ये जास्त महत्त्वाचा ठरला. अंग कुशीवर वळतं म्हणून हाताच्या मार्गाला थोडा बाक आपोआप येतो. मुद्दाम नागमोडी काढायची गरज नाही.

शेवटचा भाग मांडीपर्यंत ढकलण्याचा. अनेक जण कमरेपाशीच हात बाहेर काढतात आणि स्ट्रोकचा चांगला तुकडा सोडून देतात. उलट काही जण शेवटी तळहात वर झटकतात, पाणी उडतं, दिसायला छान. पण वर उडालेलं पाणी तुम्हाला खाली दाबतं. हात मांडीच्या बाजूला आला की तळहात आत वळवून, खिशातून हात काढावा तसा कोपर आधी बाहेर.

बोटांबद्दल एक शंका नेहमी येते: घट्ट जुळवायची की नाही? सैल ठेवा. बोटांमधल्या छोट्या फटींतून पाणी सहज निसटत नाही, आणि किंचित उघडा पंजा घट्ट पंजापेक्षा कमी ठरत नाही, झालाच तर जरा सरसच. घट्ट जुळवण्यात मनगट आणि दंड उगाच ताठतात.

लेनच्या दोरीवरच्या रंगीत चकत्यांशी हात जुळवून बघायची एक युक्ती आहे. कोणाला तरी काठावरून पाहायला सांगा: तुमचा हात ज्या चकतीपाशी पाण्यात गेला, बाहेर त्याच्या किती मागे आला? पाणी चांगलं पकडणाऱ्याचा हात जवळपास तिथेच बाहेर येतो, कारण हात जागेवर टिकतो आणि अंग त्याच्यावरून पुढे जातं. हात खूप मागे निसटून येत असेल तर तुम्ही पाणी पकडत नाही, पाण्यातून हात फिरवता आहात.

सरावासाठी मला दोन प्रकार पुरेसे वाटतात. पहिला मुठीचा. २५ मीटर मुठी वळून पोहा. तळहात नसल्यामुळे कोपरापर्यंतच्या हाताने पाणी धरायला शिकावं लागतं. पुढचे २५ मीटर पंजा उघडून. उघडताच हातात काहीतरी आल्याचं जाणवतं, ती जाणीव ठेवायची. दुसरा स्कलिंगचा. पुल बॉय लावून, हात पुढे, कोपर वर, आणि पंजे बाहेर-आत असे छोट्या फटकाऱ्यांनी हलवत सावकाश पुढे सरकायचं. कंटाळवाणा आहे, वेग नाही, शेजारच्या लेनमधली लहान पोरं पुढे निघून जातात. तरी करा. पाण्याचा दाब पंजावर ओळखायला याच्याइतकं चांगलं दुसरं साधन माझ्या माहितीत नाही.

पॅडल, म्हणजे पंज्याला लावायची प्लास्टिकची चपटी पाटी, हा शेवटचा, आणि जरा धोक्याचा विषय. पॅडलने पाण्याचा दाब वाढतो तसा खांद्यावरचा ताणही वाढतो. हात मध्यरेषा ओलांडत असेल किंवा कोपर पडत असेल तर पॅडल त्या चुकीला वजन बांधून देतं. पकड सुधारल्याशिवाय विकत घेऊ नका, घेतलं तर पंज्यापेक्षा थोडंच मोठं घ्या. खांद्याच्या पुढच्या भागात टोचलं की त्या दिवसापुरतं ते बाजूला ठेवा.

चौथी पायरी: पाय

किक कमरेतून निघते. मांडी हलते, गुडघा थोडासा वाकून मोकळा राहतो, घोटा झावळीसारखा सैल. दोन पावलांमधलं अंतर ३० ते ४० सेंटीमीटरच्या आसपास पुरे. त्याहून मोठी किक मारली की पाऊल शरीराच्या सावलीबाहेर जातं आणि जेवढं ढकलता त्याहून जास्त अडवता. टाचा पृष्ठभाग जेमतेम फोडतात. फटाफट आवाज येत असेल तर पाय हवेत काम करत आहेत.

सायकल चालवल्यासारखी गुडघ्यातून किक हा सगळ्यात मोठा दोष. गुडघा पोटाकडे आला की मांडी पाण्याला आडवी येते. सायकलवाल्यांना हे सांगून पटत नाही, कारण त्यांचे पाय वर्षानुवर्षं तेच करत आले आहेत. त्यांनी खोल बाजूला, जीवरक्षकाच्या नजरेसमोर उभी किक करावी: पाण्यात उभं राहून, हात छातीशी, फक्त किकवर तोंड बाहेर ठेवायचं. १५-२० सेकंद, मग कठडा धरून विश्रांती. उभ्या किकमध्ये गुडघा दुमडला की माणूस लगेच खाली जातो, त्यामुळे पाय आपणच सरळ होतात.

घोट्यांसाठी तलावाबाहेरचा उपाय जास्त चालतो, आणि तो घराघरांत आहे: वज्रासन. पाय मागे, पावलांच्या वरच्या बाजू जमिनीवर, टाचांवर बसायचं. रोज एक-दोन मिनिटं, मऊ सतरंजीवर. गुडघ्याचा त्रास असेल तर करू नका. त्याऐवजी खुर्चीत बसून पाऊल हाताने ताणा. प्रगती बघायची असेल तर जमिनीवर पाय पसरून बसा, चवडे पुढे ताणा आणि अंगठा जमिनीपासून किती वर राहतो ते पट्टीने मोजा. महिन्यागणिक ते अंतर कमी व्हायला हवं. वर्षानुवर्षं धावलेले घोटे दोन आठवड्यांत सैल होत नाहीत.

आखूड फिन्स (पायात घालायचे रबरी पर) चांगल्या. त्या घोट्याला हलकेच ताणतात आणि पायाने पाणी मागे ढकललं जाणं म्हणजे काय ते दाखवतात. मात्र निम्मं सत्र फिन्सवर काढून ‘आज वेग छान होता’ असं समाधान मानू नका.

फळीबद्दल माझा आकस आहे, तो मोकळेपणाने सांगतो. फळीवर मान वर, कंबर खाली आणि अंग वळत नाही. म्हणजे क्रॉलमध्ये जे नको ते सगळं. लहान मुलांना पाण्याची भीती जाण्यासाठी आणि चाचणीसाठी ती ठीक. मोठ्यांनी किकचा सराव फळीविना कुशीवर करावा: खालचा हात पुढे, वरचा मांडीवर, तोंड पाण्यात, श्वासाला फक्त वळायचं. क्रॉलमध्ये पाय कुशीवर वळतच काम करतात, तेच इथे शिकता येतं.

जानेवारीत इथलं पाणी चांगलंच गार असतं. गार पाण्यात पावलं ताणून जोरात किक मारली की पोटरीला गोळा येतो. त्या दिवसांत आधी १०-१५ मिनिटं हातांवर जोर देऊन पोहा, किकचं काम नंतर. गोळा आलाच तर पाठीवर तरंगून चवडा आपल्याकडे ओढा आणि हातांनी कठड्याकडे या.

पाचवी पायरी: जुळवणी

किकचे दोन मुख्य ताल. दोन्ही हातांच्या एका आवर्तनात सहा किक किंवा दोन किक. चारचाही असतो, आणि लांब अंतरावर लोक आपापलं मिश्रण करतातच.

दोनच्या तालात नेम साधा आहे: उजवा हात पुढे पाण्यात शिरतो तेव्हा डावा पाय खाली मारतो. त्याने डावी कंबर वर उचलली जाते, अंग उजव्या कुशीवर जातं, उजवा हात लांब पोहोचतो आणि डावा हात पक्क्या आधारावर ओढतो. मग उलट. आधी फारच सावकाश करा. विरुद्ध बाजूंचे हात-पाय असे जुळले की अंग आपोआप वळल्यासारखं वाटतं आणि दम निम्म्यावर येतो. गडबड झाली तर किक मोजू नका, हाताच्या प्रवेशाकडे लक्ष ठेवा. पाय त्याच्यामागून येतो.

श्वासाच्या वेळी एक पाय बाजूला फाकतो का, हेही कोणाला तरी बघायला सांगा. फाकत असेल तर मान उचलून श्वास घेत आहात. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर, एवढंच डोकं वळवायचं.

अंतराप्रमाणे वाटणी

५० मीटरच्या शर्यतीत पायांचा जोर राखून ठेवण्यात काही अर्थ नाही, सहाचा ताल सुरुवातीपासून. २०० मीटरपर्यंत सहाचा ताल ठेवायचा तर त्यासाठी वेगळी तयारी लागते. २००२ मध्ये मँचेस्टरला ४०० मीटर ३ मिनिटं ४०.०८ सेकंदांत पोहणारा इयान थॉर्प सहाच्या तालाने जात असे. त्याचे पायही १७ नंबरच्या बुटात मावणारे होते, त्यामुळे त्याची नक्कल करण्याआधी आपला बूट बघावा. दुसऱ्या टोकाला इटलीचा ग्रेगोरियो पाल्ट्रिनिएरी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण घेणारा हा माणूस हातांच्या भराभर फेऱ्यांवर जातो, किक हातचं राखून. दोघेही जगातले सर्वोत्तम, म्हणजे ‘बरोबर किक’ एकच नसते.

ट्रायथलॉनवाल्यांसाठी गणित आणखी सोपं. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनला ३.८ किलोमीटर पोहून झाल्यावर १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं बाकी असतं. तिथे पाय पाण्यात खर्च करणं परवडणारं नाही. थंड पाण्यातल्या स्पर्धेत वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) असेल तर तो पाय उचलून धरतोच. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेला जाणार असाल तर लक्षात ठेवा, समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. पाय तिथे सहज वर राहतात, म्हणून तलावातली किक तशीच न्यायची गरज पडत नाही. लाटा मात्र मान वर करायला लावतात, त्याचा सराव वेगळा करावा.

आठवड्याचा आराखडा

आठवड्याला तीन सत्रं, प्रत्येकी पाऊण तास आणि १२०० ते १५०० मीटर, असं धरून चालू.

पहिल्या दिवशी हात. ३०० मीटर सावकाश, मग ५० मीटरच्या आठ फेऱ्या, प्रत्येकीत पहिले २५ मुठीने आणि पुढचे उघड्या पंजाने. त्यानंतर पुल बॉय लावून १०० मीटरच्या तीन-चार फेऱ्या, एका लांबीला किती हात लागले ते मोजत. शेवटी पुल बॉय काढून तोच आकडा राखायचा प्रयत्न.

दुसऱ्या दिवशी पाय आणि जुळवणी. कुशीवरची किक २५-२५ मीटर, दोन्ही बाजूंनी. उभी किक पाच-सहा वेळा. मग दोनच्या तालात २०० मीटर, घाई न करता. ज्यांची चौथी फेरी फारच संथ आली त्यांनी यात फिन्सचे २०० मीटर घालावेत, बाकीच्यांनी नाही घातले तरी चालेल.

तिसऱ्या दिवशी नुसतं पोहायचं. कुठलंही साधन नको. ४०० मीटर सलग, मग ५० मीटरच्या सहा फेऱ्या जोरात, आणि जोरात पोहतानाही हातांची संख्या वाढू द्यायची नाही. थकल्यावर कोपर पडतं की मान उठते, ते याच दिवशी कळतं.

विहिरीवाल्यांनी पहिल्या महिन्यात मानेवर आणि रेषेवर जास्त वेळ द्यावा. फळीवाल्यांनी फळी घरी ठेवावी. सायकलवाल्यांनी वज्रासन चुकवू नये, पण किकच्या मागे लागून पहिल्या दिवसाचं हातांचं काम कापू नये.

सहा आठवड्यांनी चारही फेऱ्या त्याच तलावात आणि शक्यतो त्याच बॅचला पुन्हा मारा. आधी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतला फरक बघा. तो घटला असेल तर रेषा सुधारली. पूर्ण क्रॉलची वेळ कमी झाली आणि फळीवरची तशीच राहिली तर खंत करू नका, हातांचं काम जागेवर पडलं आहे. उलट फळीवरची वेळ खूप सुधारली आणि पूर्ण क्रॉल तिथेच अडकला असेल तर पायांची मेहनत जुळवणीत मुरत नाही. पुढचे सहा आठवडे दुसऱ्या दिवसातली उभी किक निम्मी करा आणि तो वेळ दोनच्या तालाला द्या.